पोटुशीची सुई

समुद्र सोडला तर नांदखाडीत मैनाबाईला न घाबरणारं कुणी नव्हतं. याला कारणही तसंच होतं. गावातली तिशीच्या आतली जवळजवळ सगळी माणसं तिच्या हातात जन्मली होती, आणि हे ती त्यांना विसरू देत नसे. सरपंच रामा ग्रामसभेत जरा मोठ्याने बोलायला लागला की मागच्या बाजूने तिचा आवाज यायचा, "तुला मी पयल्यांदा बघितला तवा तू पायाकडनं आला व्हतास, रामा. तवापास्नं तुझं सगलं उलटंच हाय." सरपंच गुपचूप खाली बसायचा.

मैनाबाई गावची सुईण. सत्त्याहत्तर साली तिला पालघरला सरकारी शिक्षणाला नेलं. महिनाभर तिथे राहून ती एक पत्र्याची पेटी घेऊन परत आली. पेटीत साबण, दोरा, नवी कोरी ब्लेडं, आणि डोक्यात एक नियम. पोटुशी बाईने धनुर्वाताच्या दोन सुया घेतल्याशिवाय मैनाबाई तिच्या बाळंतपणाला हात लावणार नाही. म्हणजे नाहीच. एखादा नवरा कुरकुरला तर ती त्याच्या दारात जाऊन बसायची आणि त्याच्या स्वतःच्या जन्माची हकीकत, काहीही न वगळता, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. दुसऱ्या मंगळवारी तो बायकोला घेऊन शाळेच्या ओट्यावर हजर असायचा.

दर मंगळवारी दहाच्या एसटीने नर्स वत्सला यायची. सफाळ्याची पोरगी, चोवीस-पंचवीसची, खांद्याला औषधाचा थर्मास लावलेला. ती शाळेच्या ओट्यावर टेबल टाकायची, मैनाबाई पोटुशा बायांना रांगेत बसवायची. सात वर्षांत गावात एकही बाळ आठव्या दिवशी धनुर्वाताने गेलं नव्हतं. त्यामुळे त्या सुईला गावात मान होता. पण मान असला तरी तिचं नाव पडलं होतं 'पोटुशीची सुई'. बाप्ये त्या ओट्याकडे मंगळवारी फिरकत नसत. म्हाताऱ्या फिरकायच्या, पण त्या नुसत्या कुणाला कितवा महिना हे बघायला.

आता चौऱ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत झालं असं, की मासळी विकणाऱ्या येसूबाईच्या सुनेचे, जमनाचे, दिवस भरत आले. बाळंतिणीच्या आंघोळीला मोप पाणी तापवावं लागतं आणि त्याला लाकूड लागतं. जानू तांडेलाने त्याची जुनी होडी मोडायला काढली होती. साठीचा, आठ वर्षांपूर्वी बायको गेलेला, अंगाने दांडगा आणि बोलायला मुखदुर्बळ असा हा माणूस मैनाबाईच्या मागील दारी तीन खेपांत फळ्या टाकून गेला. दर खेपेला तो घाम पुसत उभा राहायचा, "झाल्या बघ" म्हणायचा आणि निघून जायचा.

शनिवारी संध्याकाळी त्या फळ्या रचताना मैनाबाईचा उघडा पाय एका फळीवर पडला. फळीतून वर आलेला गंजका खिळा टाचेत चांगला बोटभर घुसला. तिने तो उपटला, खिळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, टाचेवर हळद दाबली, फडकं बांधलं आणि भात टाकायला गेली. बोंबील वाळत घालणाऱ्या बाईला असल्या जखमा मोजायची सवय नसते.

मंगळवारी मात्र ती लंगडत ओट्यावर चढली, ते वत्सलाने पाहिलं.

"मावशी, पायाला काय झालं?"

"खिला गेला. जान्याच्या होडीचा."

"कधी?"

"शनवारी."

वत्सलाने टाच उलटी करून पाहिली. फडकं सोडलं, वास घेतला आणि ते परत बांधलं. "बसा इथे. सुई घ्या."

मैनाबाईने मागे वळून पाहिलं. नर्स कुणाशी बोलते आहे ते तिला कळेना. मागे शाळेची भिंत होती.

"कुनाला सांगतंस, गो?"

"तुम्हाला."

"माना?" मैनाबाईचा आवाज चढला. "बाय, माझं छप्पन सरलं. नवरा समुद्रात जाऊन सतरा वर्सं झाली. माना कशाला पोटुशीची सुई?"

रांगेतल्या दोघी पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. जमना नववा महिना सांभाळत गालात हसली. वत्सला हसली नाही. या बाईशी चारचौघांत वाद घालून उपयोग नसतो, हे ती पहिल्याच महिन्यात शिकली होती. तिने मैनाबाईला हाताला धरून शाळेच्या मागे नेलं.

"मावशी, ही पोटुशीची सुई नाही. ही धनुर्वाताची. धनुर्वात कुणालाही होतो. बाप्याला होतो, म्हातारीला होतो. त्याला फक्त जखम पाहिजे. गंजका खिळा, काटा, शेणामातीत पडलेलं काहीही. मोठ्या माणसांनी ही सुई दर दहा वर्षांनी घ्यायची असते, लागलेलं असो नसो. पोटुशा बायका आमच्याकडे येतात म्हणून त्यांना मिळते. बाकीचे येतच नाहीत."

"माझ्या वयाचं कोन घेतं?"

"कुणी घेत नाही. म्हणून तर जातात. मागच्या पावसाळ्यात आमच्या सफाळ्याकडे एक भातशेती करणारा गेला. पायाला कुंपणाचं लाकूड लागलं होतं, एवढंसं. आठ दिवसांनी जबडा मिटला. घरचे चमच्याने पेज घालत होते, चमचा दाताला लागून नुसता वाजायचा."

मैनाबाईने स्वतःच्या जबड्याला हात लावून पाहिला.

मैनाबाईचं पहिलं पोर, मुलगा, आठव्या दिवशी गेला होता. चाळीस वर्षं होत आली होती. सातव्या दिवशी सकाळी तो दूध ओढेना. तिला वाटलं पोट भरलं असेल. संध्याकाळपर्यंत त्याचे ओठ घट्ट मिटले. तिने आपली करंगळी दुधात बुडवून त्याच्या तोंडात घालायला बघितली, ती आत जाईना. सासू म्हणाली, आठव्याचं दुखणं आहे, येतं आणि नेतं. नाळ मासळीच्या कोयत्याने कापली होती आणि वर राख लावली होती. पालघरच्या शिक्षणात डॉक्टरांनी फळ्यावर चित्र काढून सांगितलं की तो धनुर्वात, आणि तो कोयत्यातून आणि राखेतून येतो. त्या दिवशी ती वर्गातून उठून बाहेर गेली आणि विहिरीच्या कठड्यावर बसून पोटभर रडली. परत आली ती नियम डोक्यात घेऊनच. पण एवढं सगळं शिकूनही तिची समजूत अशीच राहिली होती, की हा रोग बाळाचा आणि बाळंतिणीचा.

"तोच रोग?" तिने विचारलं.

"तोच, मावशी."

मैनाबाईला खरोखर भीती वाटली. मरणाची नव्हे, मरण तिने पुष्कळ पाहिलं होतं. तोंड मिटण्याची भीती वाटली.

"घेते," ती म्हणाली. "पन हितं नाय. ह्या पोरींसमोर नाय. येसू उद्या दवंडी पिटंल."

"मग उद्या बोईसरला जा, सरकारी दवाखान्यात. आत काहीतरी राहिलंय, ते डॉक्टरांनी साफ करायलाच पाहिजे. मी चिठ्ठी देते. जखमवाल्यांच्या रांगेत बसा, लक्षात ठेवा."

दुसऱ्या दिवशी मैनाबाई चांगलं लुगडं नेसून, कुणालाही न सांगता पहिल्या एसटीने बोईसरला गेली. दवाखान्यात दोन रांगा होत्या. जखमवाल्यांच्या बाकावर सगळे कारखान्यातले कामगार. कुणाच्या बोटाला फडकं, कुणाच्या डोक्याला. त्यांच्यात ती कशी बसणार? समोरच्या बाकावर बायका होत्या. सात वर्षं ती नांदखाडीच्या अवघडलेल्या पोरींना घेऊन त्याच बाकावर बसत आली होती. पाय आपोआप तिकडे वळले.

"माई, चोटवाली लाइन इधर है," सालवडच्या कारखान्यातला एक कामगार अंगठा वर धरून म्हणाला. "इंजेक्शन लेना है ना? मैं तो हर बार लेता हूँ. कुछ नहीं होता."

"तू घे," मैनाबाई म्हणाली आणि बायकांत सरकून बसली. शेजारची सात महिन्यांची पोरगी तिच्याकडे टकामका बघत राहिली. मैनाबाईने सवयीने तिच्या पोटाला हात लावून बघितला आणि "डोकं खाली हाय, घाबरू नको" असं सांगून टाकलं.

बुधवार हा येसूबाईचा बोईसरचा वार. तिची टोपली बाजारात रिकामी झाली की उरलेली मांदेली ती दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर नर्सबायांना विकायची. त्या ओट्यावरून खिडकीतून टोचायची खोली दिसते. येसूबाईने तराजू धरला असतानाच आत बघितलं. पोटुशा बायांच्या रांगेतून मैनाबाई आत आली. आडोशाला गेली. डॉक्टरांनी तिच्या पायाचं काय केलं ते पडद्यामुळे दिसलं नाही. दिसलं एवढंच, की ती पडद्याबाहेर आल्यावर नर्सने तिच्या दंडात सुई टोचली. मग थोड्या वेळाने दुसऱ्या दंडात आणखी एक टोचली.

झालं होतं ते साधं. मैनाबाईने जन्मात सुई घेतलेली नव्हती, त्यामुळे एक आत्ताच्या जखमेवर म्हणून आणि एक पुढच्या बंदोबस्ताची, अशा दोन सुया डॉक्टरांनी दिल्या होत्या. टाचेतून खिळ्याचा गंज आणि लाकडाची काडी काढली होती. पण येसूबाईला गावचा हिशेब ठाऊक होता. पोटुशीला दोन सुया लागतात, त्याही महिन्याच्या अंतराने. एकाच दिवशी दोन म्हणजे काय, ते तिने स्वतःच्या अकलेने ठरवलं. मांदेली तशीच टोपलीत टाकून ती मासळीच्या टेम्पोत चढली आणि एसटीच्या आधी तास-दीड तास गावात पोचली.

मैनाबाई तीनच्या एसटीने उतरली. वाळवणावरच्या बायांचे हात थांबले. एक म्हातारी तिची पिशवी घ्यायला पुढे आली, "असू दे गो, जड उचलू नको" म्हणाली. मैनाबाईला वाटलं, पायाचं कळलं वाटतं, बरी आहेत माणसं. घरी आली तर उंबऱ्यावर परातीत चिंचेचे आकडे. कुणी ठेवले, कशाला ठेवले, काही कळेना. तिने दोन खाल्ले.

संध्याकाळी दारात जानू तांडेल उभा. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, दाढी नुकतीच केलेली आणि हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं. हातात नारळ.

"काय रं? कुठं लगीन हाय?"

जानूने नारळ या हातातून त्या हातात घेतला. "मैना, मी काय केलं नाय. तुला ठावं हाय, माना ठावं हाय. पन गाव म्हनतं मी फल्या टाकायला तीनदा आलो. तवा गाव म्हनतंच हाय तर मी माघार घेनार नाय. उद्या देवळात चल. पोटात जुली पोरं असली तरी माजी ना नाय."

मैनाबाईला आधी काहीच समजलं नाही. मग हळूहळू सगळं समजलं. पिशवी समजली, चिंच समजली, आणि ती जी भडकली ती जानूच्या टोपीपासून नारळापर्यंत सगळ्यावर भडकली. तिने त्याला तोंडाला येईल ते सुनावलं. त्याने ते मान खाली घालून ऐकलं. ऐकून झाल्यावर तिने पाय वर केला, फडकं सोडलं आणि टाच त्याच्या नाकासमोर धरली.

"ही बघ माजी जुली! तुज्या होडीचा खिला गेला हितं. त्याच्या सुया घेतल्या मी."

जानू खाली बसला. त्याने टाच नीट बघितली. लग्नाला नाही म्हणाली त्यापेक्षा त्याला या खिळ्याचं जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

"माज्या खिल्यानं," तो म्हणाला. "मी ठोकून टाकायला पायजे व्हते."

"पायजेच व्हते."

"पन खिल्याला पोटुशीची सुई?" त्याने आपले दोन्ही तळहात पुढे केले. दोरीने, गळाने, माशांच्या काट्यांनी कापून कापून ते खरबरीत झाले होते. "मंग मी आजवर शंभरदा मेलो असतो."

"मेला नायस ते तुजं नशीब. दर येळी काय नशिबालाच इचारनार?"

जानू टोपी सारखी करून उठला. जाताना त्याने दारातून एक बातमी दिली, आणि ती ऐकून मैनाबाईचा राग जागच्या जागी थिजला. असल्या बाईचा हात सुनेला लागू देणार नाही, असं येसूबाईने जाहीर केलं होतं. जमनाच्या बाळंतपणाला तिने खाजणाच्या दलदलीपलीकडच्या सुईणीला सांगावा धाडला होता.

खाजणापलीकडची सुईण मैनाबाईला ठाऊक होती. ती शिक्षणाला गेली नव्हती. ती अजून नाळ कोयत्याने कापायची.

नावाचं काय ते मैनाबाई बघून घेणार होती. बदनामीने माणूस मरत नाही, आणि सतरा वर्षं वैधव्यात काढलेल्या बाईला लोकांच्या जिभा नव्या नसतात. पण जमनाचं बाळ त्या कोयत्याखाली जाणार म्हटल्यावर तिला रात्रभर डोळा लागेना. शिवाय जमनाची दुसरी सुई अजून व्हायची होती, ती येत्या मंगळवारी. मंगळवारीच काय तो निकाल लावायचा, असं तिने ठरवलं.

मंगळवारी ओट्यावर नेहमीपेक्षा तिप्पट गर्दी होती. बाप्येसुद्धा आले होते आणि आपण एसटीची वाट बघतोय असं दाखवत होते. येसूबाई सुनेला दंडाला धरून आली होती, पहारेकऱ्यासारखी.

मैनाबाई ओट्यावर चढली, चप्पल काढली आणि पाय सरळ वत्सलाच्या टेबलावर ठेवला. "बघा. सगल्यांनी बघा. खिला गेला हितं. त्याच्यासाठी मी बोईसरला सुई घेतली. पोटात काय नाय माज्या, भात हाय."

"खिल्याला कोन पोटुशीची सुई घेतं?" येसूबाई म्हणाली. "खिल्याला हळद लावतात. आमी काय आज जन्माला आलो? वत्सलाबाय, तू खरं सांग. आजवर ह्या गावात येका तरी बाप्यानं घेतली ती सुई? येका तरी म्हातारीनं?"

खरं सांगायचं तर कुणीच घेतली नव्हती. वत्सलाने धनुर्वात म्हणजे काय, तो कुणाला होतो, मोठ्यांनी का घ्यायची हे सगळं समजावून सांगितलं, सफाळ्याच्या माणसाचंही सांगितलं. लोकांनी ते ऐकून घेतलं आणि परत मैनाबाईच्या पोटाकडे बघितलं. येसूबाईचा मुद्दा पक्का होता. सुई जर सगळ्यांची असेल, तर मग घेतली कुणी?

"मी घेतो," जानू तांडेल म्हणाला.

तो गर्दीतून पुढे आला, खुर्चीवर बसला आणि बाही वर केली. वादळात दोनदा होडी परत आणलेला हा माणूस सुईकडे बघून पांढराफटक पडला होता. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. "टोच लवकर."

वत्सलाने आधी रजिस्टर उघडलं. तिच्याकडे एकच रजिस्टर होतं, मातांचं. तिने जमनाच्या नावाखाली 'जानू तांडेल' लिहिलं आणि पुढच्या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं.

"पुढं काय हाय?" जानूने डोळे मिटूनच विचारलं.

"नवऱ्याचं नाव."

"मोकलं सोड."

"मग कितवी खेप आहे."

"पयलीच."

अख्खा ओटा फुटला. बाप्ये एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसायला लागले. सरपंच रामाला तर उभं राहवेना. "तांडेल, डोहाले कसले लागले?"

"तुला बुडवायचे," जानू म्हणाला, आणि तेवढ्यात वत्सलाने सुई टोचून बाहेरही काढली. त्याने एक डोळा उघडला. दंडाकडे बघितलं. मग दुसरा उघडला आणि खुर्चीवरून उठून आपल्या होडीवरच्या पाचही खलाशांना नावाने हाका मारल्या. "चला. ज्याला उद्यापास्नं होडीवर यायचंय त्यानं बसावं. हसनाऱ्यानं आधी."

पाचही बसले. पाचवा टोचून उठेपर्यंत हसणं बरंच कमी झालं होतं. गावातला धट्टाकट्टा बाप्या खुर्चीवर बसून उठला आणि त्याला काही पोटुशेपण आलं नाही, हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं. सरपंच आपण होऊन रांगेत शिरला. आता मैनाबाईच्या पोटाकडे कुणी बघत नव्हतं. सगळे येसूबाईकडे बघत होते.

"माना घरी काम हाय," येसूबाई म्हणाली आणि सुनेला ओढायला लागली.

जमना हलली नाही. लग्न होऊन आल्यापासून सासूसमोर तिने कधी ब्र काढला नव्हता. ती आता म्हणाली, "सासूबाय, तुमी घ्या. तुमी घेतल्याबिगर माज्या बाळाला हात नाय लावायचा. आनि माज्या बाळंतपनाला मैनामावशीच येल. तो कोयता माज्या दारात नको."

हा नियम कुणाचा आणि तो कुठून शिकली हे सांगायला नकोच. येसूबाई खुर्चीवर बसली, कारण उभं राहायला आता जागाच उरली नव्हती.

मैनाबाईच्या जिभेच्या टोकावर वाक्य तयार होतं. 'कितवा म्हयना गो, येसू?' सहा दिवस ती या वाक्याची वाट बघत होती. पण येसूबाईने हात पुढे केले आणि ते हात मैनाबाईला दिसले. पापलेटचे कल्ले, शिंगाळ्याचे काटे, कोयतीची धार, बर्फाच्या पेटीचा पत्रा, सगळ्यांच्या खुणा त्या हातांवर होत्या. दोन जखमा कालच्याच होत्या. चाळीस वर्षं ही बाई असले हात घेऊन बाजार करत होती आणि कुणी तिला एकदाही खुर्चीवर बसवलं नव्हतं. मैनाबाईला तिची दया आली. ते वाक्य तिने गिळलं, आणि ते गिळायला तिला त्या खिळ्यापेक्षा जास्त त्रास झाला.

तिने येसूबाईचा हात हातात घेतला, कळा देणाऱ्या पोरीचा घ्यायची तसा. "सुईकडं नको बघू. माज्याकडं बघ. श्वास सोड."

येसूबाईने श्वास सोडला नाही. तिने बोंब ठोकली. ती तारापूरच्या पॉवरहाऊसपर्यंत गेली असेल.

त्याच मंगळवारी जमनाचीही दुसरी सुई झाली, आणि नऊ दिवसांनी ती बाळंत झाली. मुलगी झाली. नाळ नव्या ब्लेडने कापली, आणि आठव्या दिवशी त्या मुलीने गळा काढून असं काही दूध मागितलं की मैनाबाई दारात उभी राहून ते रडणं शेवटपर्यंत ऐकत राहिली. आत जाऊन तिला गप्प करावंसं तिला वाटलंच नाही.

पुढच्या महिन्यात वत्सलाने मोठ्यांसाठी वेगळी कार्डं आणली. दुसरी सुई टोचून झाल्यावर तिने मैनाबाईचं कार्ड भरलं आणि तिच्या हातात दिलं. मैनाबाईला वाचता येत नव्हतं. तिने एकेका ओळीवर बोट ठेवलं.

"ही बोईसरची. ही आजची," वत्सला सांगत होती. "ही पुढच्या वर्षीची, पंच्याऐंशीतली. ती चुकवायची नाही."

"आनि ही खालची?"

"ती त्यानंतर दहा वर्षांनी. पंच्याण्णव साली."

मैनाबाईने बोटांवर मोजलं. दोनदा मोजलं. "तवा मी सदुसष्ट. असंन का गो मी?"

वत्सला पुढच्याचं कार्ड लिहीत होती, तिने मान वर केली नाही. "असणार म्हणून तर तारीख घातली, मावशी. नसतील त्यांना कोण बोलावतं?"

मैनाबाई कार्ड हातात धरून ओट्याच्या पायरीवर बसली. नवरा गेल्यापासून तिला पुढच्या पावसापलीकडचं कुणी विचारलं नव्हतं. तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं. ट्रंकेत शेवटचं लुगडंसुद्धा घडी घालून ठेवलेलं होतं. आणि इथे कुणीतरी शाईने लिहून तिला अकरा वर्षांनी या ओट्यावर बोलावलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिने पुसलं नाही.

जानू तांडेल आपलं कार्ड घेऊन पायरीपाशी आला. "मैना, माजंबी पंच्यान्नवच हाय. तवा येकाच एसटीनं बोईसरला जाऊ. सुई घेऊ, च्या पिऊ."

"तू सत्तरी पार केलेली असंल तवा. चालशील का एसटीपत्तर?"

"चालन."

मैनाबाई सरकली आणि तिने पायरीवर त्याच्यापुरती जागा केली.